आवरण जातं कुठे?

अकरावीच्या मुलांना कांद्याच्या मुळाची स्लाइड करायला दिली की तेवढा वेळ लॅबमध्ये कुणी कुणाच्या खोड्या काढत नाही. पाण्याने काठोकाठ भरलेल्या बाटल्यांच्या तोंडावर कांदे आधीच बसवलेले असतात, त्यांना बोटभर पांढरी मुळं फुटलेली असतात. टोक सौम्य ॲसिडमध्ये किंचित गरम करायचं, ॲसिटोकारमाइनचा थेंब टाकायचा, कव्हरस्लिप ठेवायची, वर टिपकागद, आणि अंगठ्याने सरळ खाली दाबायचं. अंगठा जरा घसरला तरी पेशींचा चोथा होतो. मग एखादी मुलगी मायक्रोस्कोपवरून डोकं न उचलताच ओरडते, "मॅडम, मेटाफेज!" आणि सगळी बॅच तिच्या टेबलाभोवती गोळा होते.

सगळ्यांना गुणसूत्रंच हवी असतात. साहजिक आहे, रंग तीच पितात. कांद्याची १६ गुणसूत्रं मधल्या रेषेवर आलेली दिसली, म्हणजे मेटाफेज सापडली, की काहीतरी हाती लागल्यासारखं वाटतं. चित्र जर्नलमध्ये उतरतं आणि त्याखाली पाठ केलेलं वाक्य येतं : केंद्रकावरण नाहीसे होते. दोन चित्रांनंतर दुसरं : केंद्रकावरण पुन्हा तयार होते. पेशीविभाजनाच्या धड्यात केंद्रकाभोवतीच्या या आवरणाच्या वाट्याला ही एवढीच दोन वाक्यं. इतकी वर्षं मीही ती फळ्यावर लिहीत आले आणि दर वेळी खटकत आली. कारण विभाजनाच्या त्या तास-दीड तासात पेशीतली मोठी उलथापालथ आवरणाचीच होते, आणि त्यातलं फारसं काही नाहीसं होत नाही. प्रत्येक तुकडा कुठे ना कुठे जातो. कुठे जातो, हे शोधण्यात माणसांनी आयुष्यं घातली आहेत.

स्लाइडवर यातलं जवळपास काहीच दिसत नाही, हीही अडचण आहे. विभाजन सुरू व्हायच्या आधीच्या पेशीत केंद्रकाची कड गुळगुळीत, रेखीव दिसते. पूर्वावस्था, म्हणजे विभाजनाची पहिली पायरी, संपत आली की ती कड विरते आणि तांबड्या दोऱ्यांचा गुंता उघड्यावर पडतो. चारशे पट मोठं करून एवढंच कळतं. आवरण होतं, आता नाही. पुढचं सगळं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आल्यावर आणि प्रथिनांना चमकता टॅग लावायची युक्ती सापडल्यावर कळलं.

आवरण एका पडद्याचं नाही, दोन पडद्यांचं असतं. त्यातला बाहेरचा पडदा पेशीद्रव्यात पसरलेल्या आंतर्द्रव्यजालिकेशी, म्हणजे पडद्यांच्या जाळ्याशी, सलग असतो. म्हणजे केंद्रकाची भिंत म्हणून आपण जी वेगळी काढून दाखवतो ती खरं तर त्या जालिकेचाच गुणसूत्रांभोवती लपेटलेला भाग. हे एक ध्यानात ठेवलं की पुढचं बरंच सोपं होतं. जिथे जिथे आतला आणि बाहेरचा पडदा एकमेकांना जुळून भोक पडतं, तिथे रंध्र असतं. १९५० मध्ये कॅलन आणि टॉमलिन यांनी उभयचर प्राण्यांच्या अंडपेशींची केंद्रकं सोलून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरली, तेव्हा ही रंध्रं पहिल्यांदा नीट दिसली. जागाही त्यांनी बरोबर निवडली होती. बेडकाच्या एका मोठ्या अंडपेशीच्या केंद्रकावर पाच कोटींच्या घरात रंध्रं असतात, आपल्या साध्या पेशीवर दोन-चार हजार.

रंध्र म्हणजे नुसतं भोक नव्हे. सुमारे ३० प्रकारची प्रथिनं, प्रत्येकाच्या अनेक प्रती, मिळून हजाराच्या आसपास नग, आणि ते सगळे आठ पाकळ्यांच्या मांडणीत. आठची ही मांडणी जोसेफ गॉल यांनी १९६७ मध्ये दाखवली. बाहेरून मोजलं तर रुंदी जेमतेम १२० नॅनोमीटर, पण वजनात हे यंत्र प्रथिनं बनवणाऱ्या एका रायबोसोमच्या पंचवीस-तीस पट भरतं. आतल्या वाटेत लवचिक प्रथिनांचं जाळं असतं. लहान रेणू त्यातून सहज सुटतात. साधारण ४० किलोडाल्टनच्या (हे रेणूंच्या वजनाचं माप) वरच्यांना मात्र सोबत वाहक प्रथिन लागतं, नाहीतर बाहेरच ताटकळत राहायचं. एका रंध्रातून सेकंदाला हजारएक रेणूंची ये-जा होऊ शकते. इतक्या गर्दीत आतलं आत आणि बाहेरचं बाहेर राहतं, हीच कमाल.

आता विभाजनाची पंचाईत बघा. गुणसूत्रं आत आहेत. त्यांना दोन्हीकडे ओढणारे तर्कूतंतू ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाचे बनतात आणि ते पेशीद्रव्यात, म्हणजे बाहेर असतं. दोघांची गाठ पडल्याशिवाय काही होणार नाही. आपल्या आणि कांद्याच्या पेशींनी यावर काढलेला तोडगा म्हणजे आवरणच उतरवून ठेवायचं.

हे उतरवणं फोडाफोडीचं नसतं. लग्न आटोपल्यावर मंडपवाला मांडव उतरवतो तसं असतं. तो काही कापत नाही, फक्त गाठी सोडतो. पेशीतल्या गाठी सोडायचं काम फॉस्फेट करतं. सीडीके-१ नावाचं विकर पूर्वावस्थेत जोरात कामाला लागतं आणि रंध्रांच्या प्रथिनांवर ठरावीक जागी फॉस्फेट चिकटवत सुटतं. त्याच्या जोडीला आणखी काही विकरं असतात. फॉस्फेटवर ऋण प्रभार असतो. तो चिकटला की शेजारी घट्ट धरून बसलेली प्रथिनं एकमेकांना सोडतात. पहिल्यांदा निसटणाऱ्यांमध्ये नप९८ हे प्रथिन असतं, रंध्राच्या वाटेतलं. २०११ मध्ये दाखवून दिलं गेलं की नप९८ वर फॉस्फेट चिकटू शकणार नाही असा बदल केला, तर रंध्रं मोडायला उशीर होतो. एवढ्याशा गाठीवर एवढं सगळं अडलेलं असतं.

वाटेतलं जाळं गेलं की पडदा अजून शाबूत दिसत असतानाच केंद्रक गळू लागतं. हे तारामाशाच्या अंडपेशीत फार सुंदर दिसतं, कारण तिचं केंद्रक अवाढव्य असतं. पेशीद्रव्यात वेगवेगळ्या आकाराचे चमकते रेणू सोडून ठेवायचे आणि बघत बसायचं. आधी मध्यम आकाराचे रेणू कडेने हळूच आत झिरपतात. त्यानंतर एका जागी पडदा फाटतो आणि तिथून लाट आल्यासारखे मोठे रेणू आत घुसतात. म्हणजे आधी दारं निकामी होतात, भिंत नंतर जाते. माझ्या मते पुस्तकात द्यायला हवी होती ती ही गोष्ट. क्रम सांगितला की मुलांना कारण आपोआप कळतं.

प्राण्यांच्या पेशीत भिंत पडायला आणखी एक जोर लागतो. केंद्रकाच्या दोन बाजूंना गेलेल्या ताराकायांपासून ट्यूब्युलिनच्या सूक्ष्मनलिका निघतात आणि डायनीन नावाचं मोटर-प्रथिन आवरणाला धरून त्या नलिकांवरून ओढत नेतं. पडद्याला त्या बाजूला चुण्या पडतात, समोरची बाजू ताणली जाते आणि तिथे फाटते. हे २००२ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. कांद्याला ताराकायच नसतात. त्याच्या पेशीत सूक्ष्मनलिका उगवायची एक मोठी जागा म्हणजे केंद्रकावरणाचाच बाहेरचा पृष्ठभाग. जे आवरण पुढच्या काही मिनिटांत उतरणार आहे तेच आधी तर्कूची उभारणी करायला हातभार लावतं.

आणि तुकडे? पडदे जालिकेत परत जातात. पूर्वी बराच काळ असं मानलं जायचं की त्यांचे बारीक बारीक फुगे होतात आणि ते पेशीत विखुरतात. १९९७ च्या सुमारास जिवंत पेशींमध्ये आवरणाची प्रथिनं चमकवून पाहिली, तेव्हा ती जालिकेत सरळ पसरत गेलेली दिसली. ज्यातून लपेटलं होतं त्यातच उलगडलं. पडद्याच्या आतल्या बाजूला लॅमिन नावाच्या तंतूंचं अस्तर असतं. तेही फॉस्फेटमुळेच सुटं होतं. लॅमिन-ए आणि सी पेशीद्रव्यात विरघळतात, लॅमिन-बी पडद्याला धरून राहतं. रंध्राच्या सांगाड्यातला एक मोठा भाग, इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा, नऊ-दहा प्रथिनांचा, तसाच्या तसा एकत्र राहतो आणि त्यातला काही हिस्सा थेट गुणसूत्रांवर जाऊन बसतो, तर्कूतंतू जिथे पकडतात नेमक्या त्या जागी. तो तिथे विश्रांतीला गेलेला नसतो. तो काढून घेतला तर तंतू नीट पकडत नाहीत आणि गुणसूत्रांची वाटणी बिघडते. दाराचा भाग असलेलं प्रथिन दार नसताना दुसरीच नोकरी करतं.

लॅमिनचं विरघळणं आणि पुन्हा जुळणं १९८० मध्ये लॅरी गेरस आणि ग्युंटर ब्लोबेल यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात दाखवलं. ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं ते मात्र दुसऱ्या कामासाठी, पेशीत तयार झालेल्या प्रथिनाला आपला मुक्काम कुठे आहे हे कळतं कसं याच्या शोधासाठी. हा माणूस मूळचा सायलेशियाचा. १९४५ मध्ये युद्धातून जीव वाचवत पळणाऱ्या कुटुंबाबरोबर लहानपणी तो जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातून गेला, आणि काही दिवसांतच ते शहर बॉम्बफेकीत जळालं. नोबेलचे पैसे त्याने तिथलं फ्राउएनकिर्श हे चर्च आणि सिनेगॉग पुन्हा उभं राहावं म्हणून देऊन टाकले. चर्च २००५ मध्ये पुन्हा उघडलं. ढिगाऱ्यातून निवडलेले जुने काळे दगड नव्या पिवळसर दगडांमध्ये जागोजागी बसवलेले आहेत, फोटोतसुद्धा चटकन नजरेत येतात. विषयाला सोडून आहे, पण मी वर्गात हे सांगते. अस्तराची प्रथिनं मुलं विसरतात, चर्च विसरत नाहीत.

पुन्हा जुळणं हा भाग तर मला उतरवण्याहून अधिक चकित करतो. १९८३ मध्ये फोर्ब्स, कर्शनर आणि न्यूपोर्ट यांनी बेडकाच्या अंड्यात एका जिवाणुभक्षी विषाणूचा डीएनए टोचला. या डीएनएचा जन्मात केंद्रकाशी संबंध आलेला नाही, कारण तो ज्या जिवाणूत वाढतो त्यालाच केंद्रक नसतं. तरीही अंड्याने त्याच्याभोवती दोन पडद्यांचं आवरण उभं केलं, रंध्रांसकट. म्हणजे आवरणाची तयारी अंड्याच्या द्रव्यात आधीच असते. आत काय लपेटायचं, त्यावर काय लिहिलंय, याच्याशी तिला देणंघेणं नाही. डीएनए असला की पुरे.

खऱ्या विभाजनात पश्चावस्थेला, म्हणजे गुणसूत्रं दोन बाजूंना ओढली जातात तेव्हा, फॉस्फेट उतरवणारी विकरं वरचढ होतात आणि सगळं उलटं सुरू होतं. एलिस नावाचं प्रथिन गुणसूत्रांवर जाऊन बसतं आणि तो वाय आकाराचा सांगाडा तिथे जमवतं. जालिकेचे पापुद्रे गुणसूत्रांवर सरकत येतात. पण इथे एक मोठा धोका असतो. माणसाच्या पेशीत प्रत्येक बाजूला ४६ गुणसूत्रं असतात. पडदा त्यांच्या मध्ये मध्ये शिरला तर एका केंद्रकाऐवजी ४६ छोटी केंद्रकं व्हायची. तसं होत नाही, कारण बॅफ नावाचं इवलंसं प्रथिन शेजारच्या गुणसूत्रांना एकमेकांत गुंतवून सगळ्यांचा एक घट्ट गोळा करतं आणि पडद्याला फक्त बाहेरून फिरायला जागा ठेवतं. बॅफ काढून घेतलेल्या पेशींत खरोखरच केंद्रकाचे तुकडे तुकडे होतात. हे २०१७ मध्ये कळलं, म्हणजे मी शिकवायला लागल्यानंतर कितीतरी वर्षांनी.

शेवटची डागडुजी उरते ती तर्कूतंतू अजून आरपार गेलेले असतात त्या भोकांची. स्पास्टिन नावाचं विकर तंतू कापतं आणि एस्कर्ट-थ्री ही प्रथिनांची टोळी भोक आवळून बंद करते. २०१५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी हे एकाच वेळी प्रसिद्ध केलं. हीच टोळी विभाजनाच्या अखेरीस दोन पेशींमधला शेवटचा दुवा तोडते आणि एचआयव्हीच्या कणालाही पेशीतून सुटून जायला मदत करते. पेशीला जिथे जिथे पडद्याचं तोंड आवळायचं असतं तिथे हिलाच बोलावणं जातं.

रंध्रं या घाईत दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा कामाला लागतात. पण तेवढ्याने भागत नाही. पेशी पुढच्या विभाजनाची तयारी करत असताना रंध्रांची संख्या दुप्पट व्हावी लागते, आणि तेव्हा आवरण बंद असतं. त्या वेळी रंध्र वेगळ्याच रीतीने घडतं : आतला पडदा आतून फुगत फुगत बाहेरच्या पडद्याला जाऊन भिडतो आणि मग आरपार वाट होते. याला तासभर लागतो. एकच वस्तू घडवायच्या दोन रीती, एक घाईची आणि एक सवडीची.

घाईत कधी कधी चूकही होते. एखादं गुणसूत्र ओढाताणीत मागे राहतं, गोळ्यात सामील होत नाही आणि त्याच्याभोवती वेगळंच छोटं आवरण बनतं. याला सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. त्या आवरणात रंध्रं पुरेशी बसत नाहीत, ते कमजोर राहतं, फुटतं, आणि आतल्या गुणसूत्राच्या अक्षरशः चिंधड्या होऊ शकतात. कर्करोगाच्या पेशींत हे वारंवार आढळतं. तंबाखू खाणाऱ्यांच्या गालाच्या आतल्या पेशी अलगद खरवडून त्यांत सूक्ष्मकेंद्रकं मोजायची चाचणी आपल्याकडच्या संशोधनात बरीच वापरली गेली आहे. मिशरी आणि गुटख्याच्या प्रदेशात ती वापरली जाणारच. मधल्या सुट्टीत खिशात पुडी घेऊन फिरणाऱ्या पोरांना मी ते चित्र मुद्दाम मोठं करून दाखवते. त्याचा उपयोग किती होतो ते तीच जाणोत.

सगळे जीव आवरण उतरवतात असंही नाही. पावाचं यीस्ट उतरवत नाही. त्याचा तर्कू केंद्रकाच्या आतच उभा राहतो आणि केंद्रक लांबत लांबत दोन होतं. मला जास्त आवडतं ते पूर्व आफ्रिकेच्या बाजरी-वर्गीय धान्याच्या बिअरमधून मिळालेलं पोंबे यीस्ट. त्याचंही केंद्रक बंदच राहतं आणि डंबेलसारखं लांबतं, पण दोन गोळ्यांना जोडणाऱ्या बारीक दांड्यात काही रंध्रं अडकून पडतात. २०२० मध्ये दिसलं की तिथली रंध्रं, फक्त तिथलीच, क्रमाने मोडली जातात, आवरण तेवढ्या जागी उघडतं आणि दांडा सुटतो. त्याचंच भावंड म्हणावं असं जापोनिकस यीस्ट मात्र विभाजनात आवरण फोडून मोकळं होतं. इतक्या जवळच्या नात्यात दोन तऱ्हा.

असं का, याचं एक चांगलं उत्तर २०२४ मध्ये हिरल शाह, गौतम डे, ओमाया दुदिन आणि सहकाऱ्यांनी दिलं. त्यांनी प्राण्यांच्या जवळच्या नात्यातले दोन एकपेशीय जीव घेतले. त्यांतला एक आयुष्याचा बराच काळ एकाच पेशीत अनेक केंद्रकं घेऊन वाढतो. तो आवरण बंद ठेवतो. दुसऱ्याच्या पेशीत एकच केंद्रक असतं. तो आवरण उघडतो. विचार केला तर सरळ आहे. एका खोलीत अनेकांचा पसारा असेल तर प्रत्येकाने आपली पेटी उघडून ठेवणं परवडत नाही, गुणसूत्रांची सरमिसळ व्हायची. उघडायचं की नाही हे त्या जिवाच्या राहणीवर ठरतं, तो किती वरच्या पायरीचा आहे यावर नाही. "प्रगत जीव आवरण उघडतात" असं छापलेलं गाइड मी अजूनही मुलांच्या दप्तरात बघते.

ज्या पेशी विभागतच नाहीत, त्यांच्या रंध्रांचं काय? आपल्या मेंदूतले बहुतेक चेतापेशी जन्माच्या आसपास एकदा तयार झाले की पुन्हा विभागत नाहीत. म्हणजे त्यांचं आवरण कधी उतरत नाही आणि रंध्रांचा सांगाडा सुटा होऊन नव्याने जुळायची वेळच येत नाही. मार्टिन हेट्झर यांच्या गटाने उंदरांना लहानपणी जड नायट्रोजन असलेलं खाणं दिलं, नंतर साधं खाणं सुरू केलं आणि वर्षभराने त्यांच्या मेंदूत तो जड नायट्रोजन शोधला. बहुतेक प्रथिनं तोवर बदलून गेली होती. रंध्रांच्या सांगाड्यातल्या काही प्रथिनांत तो अजून होता. बाळपणी बसवलेली दारं म्हातारपणीही तीच. त्याआधी, २००९ मध्ये, याच गटाने वृद्ध उंदरांच्या चेतापेशींत पाहिलं होतं की अशी जुनी रंध्रं गळू लागतात आणि केंद्रकाच्या आत ट्यूब्युलिन सापडतं. गुणसूत्रांपर्यंत ज्याला पोहोचवायला इतर पेशी एवढा खटाटोप करतात, ते इथे विभाजन नसतानाच आत येऊन बसलेलं असतं, आणि तिथे त्याला काही काम नसतं.

पावाच्या यीस्टने यावर स्वतःपुरता उपाय काढला आहे. उपासमार झाली की ते बीजाणू बनवतं, एका पेशीतून चार. किंग आणि युनाल यांच्या गटाने २०१९ मध्ये या चारांची वाटणी बारकाईने पाहिली. केंद्रक चार भागांत विभागताना पाचवाही एक कप्पा तयार होतो आणि त्यात जुनी रंध्रं, साठून राहिलेल्या प्रथिनांच्या गुठळ्या आणि बिघडलेली केंद्रकी (केंद्रकातला गडद ठिपका) ढकलली जाते. चार बीजाणूंना यातलं काही मिळत नाही. शेवटी आईपेशीची रिक्तिका फुटते आणि तिच्यातले पाचक रस तो पाचवा कप्पा पचवून टाकतात. युनाल यांनी अँजेलिका ॲमॉन यांच्याबरोबर २०११ मध्येच मोजून ठेवलं होतं की म्हाताऱ्या आईची ही चार पोरं तरुण आईच्या पोरांइतकीच जगतात.